ड्राय डॉकचा शेवटचा झेल

निहारने बापाचं तिकीट काढलं, ही बातमी सुरेखाला कढईसमोर कळली.

"शुक्रवारचं विमान आहे," ऋचा पुऱ्या लाटता लाटता हलक्या आवाजात म्हणाली. "पुण्यात बाणेरला कुठलंसं सीनियर होम आहे, तिथे खोली ठरवलीय. मला आत्ता अमेयने सांगितलं."

सुरेखाचा झारा तेलातच थांबला. "आणि प्रसन्नराव काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"ते बरंच म्हणणार. त्यांना कुणी समुद्रात उडी मारा म्हटलं तरी आधी बरं म्हणतील, मग पाणी किती खोल आहे ते विचारतील. आणि तुझे सासरे?"

"बाबा म्हणाले, प्रसन्नराव ठरवतील ते योग्यच असेल."

सुरेखाने जरा जास्तच लाल झालेली पुरी काढली, दुसरी सोडली आणि मनातल्या मनात दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला. विद्या असती तर तिने ते काम प्रत्यक्षात केलं असतं. पण विद्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. विद्या म्हणजे सुरेखाची नणंद, मनोहरची धाकटी बहीण, प्रसन्नची बायको. ती गेल्यापासून प्रसन्न सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहत होता आणि मजेत आहे असं सगळ्यांना सांगत होता. मागच्या महिन्यात तो बाथरूममध्ये घसरला. शेजारच्या मलाय बाईंना भिंतीपलीकडे नळ वाहतच राहिल्याचा आवाज आला आणि त्यांच्याकडे जादाची किल्ली होती, म्हणून बरं. हाड मोडलं नाही. पण मेलबर्नमध्ये निहारची झोप उडाली, आणि झोप उडालेला मुलगा जे करतो तेच त्याने केलं. रजा टाकली, आला, चार ठिकाणी फोन फिरवले आणि बापाचा बंदोबस्त करून टाकला.

त्यात नेमका आजचा दिवस. ह्या एवढ्याशा बेटाच्या देशाच्या राष्ट्रीय दिनाच्या आधीचा रविवार. अमेय-ऋचाच्या पुंगोलच्या ब्लॉकमध्ये सगळ्या कॉरिडॉरमधून लाल-पांढरे झेंडे लागलेले, आणि त्यांच्या घरात कपाच्या कथेची तयारी.

कपाची कथा हा ह्या घरचा स्वतःचा सण. पंचांगात सापडायचा नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ह्याच रविवारी ड्राय डॉक नावाच्या टीमने सॉफ्टबॉलची लीग जिंकली होती, आणि तेव्हापासून दरवर्षी सगळ्यांनी जमून त्या मोसमाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची असा रिवाज पडला होता. ज्याचा अध्याय त्यानेच सांगायचा. मध्येच उठायचं नाही. शेवटचा झेल घेऊन झाल्याशिवाय तिखट पुऱ्यांना हात लावायचा नाही. कथा संपली की कप एका घरातून दुसऱ्या घरात जाई, एक वर्ष मनोहरकडे, एक वर्ष प्रसन्नकडे. ह्या वर्षी तो सेम्बावांगला जायचा होता. जिथे शुक्रवारनंतर कुणीच राहणार नव्हतं.

मनोहर पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला तेव्हा सुरेखाने गॅस बारीक केला.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? मुलगा आहे तो त्यांचा. विचार करूनच ठरवलं असेल."

"तोआ पायोहला आपली मागची खोली रिकामी आहे. तुम्ही एका शब्दाने म्हणालात का, की प्रसन्नराव, आमच्याकडे राहा?"

मनोहर ग्लास विसळत राहिला. जन्मभर जहाजांची इंजिनं उघडून परत जोडणारा माणूस, पण स्वतःच्या मनातलं काही उघडायचं म्हटलं की त्याला एकही पाना सापडत नसे.

"सुरेखा, मी तसं म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो? तुम्हाला आता एकट्याला जमत नाही, आमच्या आधाराला या. घरचे जावई आहेत ते. त्यांना मी तोंडावर असं सांगू? आणि मनात नसलं तरी माझा मान राखायला ते हो म्हणतील. मग आपल्या घरात पाहुण्यासारखे अंग चोरून बसतील. त्यापेक्षा पुणं परवडलं."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय?"

"रविवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये कोपी कुणाबरोबर पिणार?"

मनोहरने ग्लास पुसला, उपडा ठेवला, पुन्हा सरळ केला आणि बाहेर निघून गेला. म्हणजे उत्तर मिळालं. तोआ पायोहमध्ये त्यांच्या ब्लॉकच्या खाली, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या त्या हॉकर सेंटरमध्ये, दर रविवारी हे दोघं तिथली घट्ट कॉफी, कोपी, घेऊन दोन-दोन तास बसत. बोलत फारसे नसत. पण विद्या गेल्यानंतरच्या त्या दिवसांत मनोहर घरात ज्या बाकीच्या गोष्टी बोलायचा बंद झाला होता, त्या परत बोलायला लागला तो त्या टेबलावरून उठून आल्यावरच. सुरेखाने ते पाहिलं होतं. प्रसन्न गेला की हा माणूस पुन्हा गप्प होणार, आणि ह्या वयात गप्प झालेली माणसं परत बोलती होत नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"आई, तुम्ही सांगा ना काकांना," ऋचा म्हणाली. "तसंही करावं तुम्हालाच लागणार. तुम्हाला कुणी विचारलंय की नाही?"

"करायचं काय त्यात? प्रसन्नरावांना चहा येतो, कुकर लावता येतो. तुझ्या सासऱ्यांना दोन्ही येत नाही. मला हातभारच होईल." सुरेखाने शेवटचा घाणा काढला. "आणि मी सांगितलं नाही असं वाटतं का तुला? फोनवर म्हटलं होतं, इकडेच या राहायला. तर हसले. म्हणाले, वहिनी, सत्तरीत घरजावई करता काय मला? मी बोलले की ते त्यांना सौजन्य वाटतं. ह्यांनी बोललं पाहिजे."

बाहेर अमेय आणि निहार एका बाजूला झालेले होते. एरवी ह्या दोन आते-मामेभावांचं कशावर पटायचं नाही, पण आईबापांच्या म्हातारपणाची भीती भल्याभल्यांना एका सोफ्यावर बसवते.

"मामी, मला काय हौस आहे का?" सुरेखा येताच निहार म्हणाला. तो सकाळपासून कुणीतरी रागावायची वाट बघत असावा. "बाबा तिथे जमिनीवर पडलेला आणि मी इकडे मीटिंगमध्ये. मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेसुद्धा शेजारच्या बाईंकडून. हा सांगणारच नव्हता."

"किरकोळ होतं रे," प्रसन्न म्हणाला. तो कप फडक्याने पुसत बसला होता. कप पुसण्यासारखा राहिलाच नव्हता.

"आणि आई, खरं सांगू का," अमेय म्हणाला, "दोन म्हाताऱ्यांनी तिसऱ्याला सांभाळायचं, हा काही प्लॅन नाही. उद्या तुमच्यातलंच कुणी पडलं तर?"

"तर तिसरं माणूस फोन तरी करेल," ऋचा हात पुसत आली आणि सासूच्या बाजूला उभी राहिली. "काकांचं पुण्यात कोण आहे आता? बहीण नागपूरला. जन्माची नोकरी इथे झाली, मित्र इथे."

"तिथे डॉक्टर आहे, नर्स आहे, बाग आहे."

"आणि बोलायला?"

"पुणं बरं आहे," प्रसन्न समजुतीने म्हणाला. "हवा चांगली असते."

"तुम्ही एप्रिलमध्ये गेला नाहीत वाटतं कधी," सुरेखा म्हणाली.

निहारने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. वाईट पोरगा नव्हता तो. विद्याचेच डोळे, आणि विद्यासारखीच सगळ्यांचं भलं करायची घाई. तो मनोहरकडे वळला.

"मामा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

मनोहरने प्रसन्नकडे पाहिलं. "प्रसन्नराव म्हणतील तसं."

प्रसन्नने फडकं घडी करून ठेवलं. "नाही, नाही. दादा म्हणतील तसं."

आणि सुरेखाला गवतावर काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. तिने तो आवाज पूर्वी ऐकला होता. ह्याच दोघांच्या मध्ये, सेम्बावांगच्या मैदानावर.

"कथा सुरू करा," ती म्हणाली. आवाज जरा चढाच लागला. "अमेय, पहिला अध्याय तुझा. इरा, टॅब ठेव खाली."

"एव्हरी इयर सेम स्टोरी लेह," नऊ वर्षांची नात म्हणाली, पण टॅब ठेवला आणि सगळ्यात पुढची जागा पकडली. तिला कथा तोंडपाठ होती आणि कुणी शब्द बदलला की ती पकडायची.

अमेयने मनाविरुद्ध सुरुवात केली. पण त्या कथेचं असं होतं, की सांगणाऱ्याचं मन आधी कुठेही असो, दोन वाक्यांत ते मैदानावर येऊन उभं राहायचं.

सेम्बावांगच्या शिपयार्डात जहाज दुरुस्तीला आलं की पाणी उपसलेल्या ज्या भल्यामोठ्या हौदात ते उभं करतात, त्याला ड्राय डॉक म्हणतात. यार्डातल्या इंजिनियर आणि फोरमन मंडळींनी आपल्या टीमला तेच नाव दिलं, कारण टीममधल्या प्रत्येकाचं काही ना काही दुरुस्तीला आलेलं होतं. कुणाची पाठ, कुणाचा गुडघा. पन्नाशीच्या आतला एकच, आणि त्यालाही मधुमेह. कप्तान लिम साठी ओलांडलेला. चेंडू तोच टाकायचा, आणि तो इतक्या संथपणे टाकायचा की पानात वरण वाढतोय असं वाटावं. समोर सगळे बँकांमधले, युनिव्हर्सिटीतले विशी-पंचविशीचे पोरगे. लीगमध्ये शेवटचा नंबर हा ड्राय डॉकचा राखीव होता, आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

"पहिली मॅच," अमेय म्हणाला. "बाबा शॉर्टस्टॉपला, म्हणजे आतल्या फळीत. काका त्यांच्या मागे, डावीकडच्या गवतात. बॅटवाल्याने चेंडू वर उडवला. झेलला की मॅच आपली. चेंडू बरोबर दोघांच्या मध्ये. बाबा मागे येतायत, काका पुढे येतायत. आणि बाबा म्हणाले—"

"घ्या, प्रसन्नराव," इराने आजोबांच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"आणि काका म्हणाले—"

"नाही, दादा, तुम्ही घ्या."

"आणि दोघंही थांबले. दोघांनीही हात मागे घेतले. जेवणाच्या पंगतीत शेवटचा लाडू असतो तसे."

"धप्प," इरा म्हणाली.

सगळे हसले. निहारसुद्धा. लिम कमरेवर हात ठेवून दोघांसमोर उभा राहिला होता आणि त्याने विचारलं होतं, "यू टू डिस्कसिंग वॉट?" त्याला कसं समजावणार? पुढला माणूस बायकोचा थोरला भाऊ, त्याच्या हातातला चेंडू कसा हिसकावायचा? मागचा माणूस बहिणीचा नवरा, घरचा जावई, त्याच्या आधी हात कसा पुढे करायचा? लीगच्या नियमपुस्तकात ह्यावर काहीच नव्हतं.

दुसरा अध्याय सुरेखाचा. पूर्वी ती आणि विद्या तो अर्धा अर्धा सांगत. आता तिला दोघींचं बोलावं लागे.

"मी गेले सरळ मैदानाच्या कडेला," ती म्हणाली, "आणि दोघांना सांगितलं, ही चुन्याची रेष. ह्या रेषेच्या आत दादा नाही, राव नाही, मेव्हणा नाही, जावई नाही. आत फक्त मन्या आणि पशा. अरे-तुरे. ज्याला चेंडू आपला वाटेल त्याने ओरडायचं, सोड, माझा. रेष ओलांडून बाहेर आलात की पुन्हा काय मान द्यायचा तो द्या."

"आणि आत्या?" ऋचाने दरवर्षीप्रमाणे विचारलं.

"विद्याने कपाळाला हात लावला. म्हणाली, वहिनी, माझ्या नवऱ्याने दादाला मन्या म्हटलेलं आईला कळलं तर ती मला माहेरी पाय ठेवू देणार नाही. आणि मग अशी हसत सुटली की..." सुरेखा थांबली. ते हसणं सांगता येण्यासारखं नव्हतं. ह्या खोलीत ते ऐकू आलं असतं तर आजचा प्रश्न केव्हाच सुटला असता. "पहिल्या वेळी प्रसन्नराव मन्या म्हणाले ते इतकं हळू, की चेंडूलासुद्धा ऐकू गेलं नसेल. पण म्हणाले."

"तिसरा माझा," निहार म्हणाला. तो तेव्हा शाळेत होता आणि एकही मॅच त्याने चुकवली नव्हती. सोफ्याच्या कडेवर पुढे सरकून बसला, तिकीट विसरला.

"कुणाला धावता येत नव्हतं, कुणाला लांब मारता येत नव्हतं. मग ही लोकं जिंकली कशी? उभं राहून. चार चेंडू वाईट आले की बॅटवाल्याला पहिल्या बेसवर फुकट जायला मिळतं. पोरं काय करायची, दिसला चेंडू की फिरव बॅट. आपले म्हातारे फिरवायचेच नाहीत. रे नावाचा फिलिपिनो वेल्डर होता, पाठीला पट्टा बांधून यायचा. तो तर खांबासारखा उभा. वाईट चेंडू सोड, वाईट चेंडू सोड, चालत पहिल्या बेसवर. मागचा आला, तोही चालत. सगळे चालतच एकेक बेस पुढे सरकत घरी, शेवटच्या बेसवर, यायचे, म्हणजे रन. समोरचे बोलर रडकुंडीला यायचे."

"जहाजाचं काम तसंच असतं," मनोहर म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला. "घाई केली की बोल्ट तुटतो."

"एक मॅच जिंकली तेव्हा लोक हसले. दुसरी जिंकली तेव्हाही हसले. मग यार्डातली माणसं सुट्टीच्या दिवशी मैदानावर यायला लागली. बांगलादेशी फिटर, तमिळ क्रेनवाले. लिमआंटी आपल्या वोकचं, चिनी कढईचं, झाकण वाजवायची. आणि बाबा आणि मामा..." निहारने बापाकडे पाहिलं, जणू त्या दिवसांतला बाप त्याला ह्याच्यात शोधायचा होता. "मी एवढ्यात कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. ह्या दोघांच्या मध्ये त्यानंतर एकही चेंडू पडला नाही. एकही. कुणीतरी ओरडायचंच. मन्या सोड. पशा सोड. मला वाटायचं, हे माझे बाबा नाहीतच. घरी मामा आले की हा उठून उभा राहतो, आणि इथे..."

 बाहेर पुलावरून जाणारी एलआरटीची छोटी रेल्वेगाडी खिडकीसमोरून वळून गेली. सुरेखाच्या अंगावर काटा आला होता. दरवर्षी यायचा. इतक्या वेळा ऐकूनही त्या मोसमाची सवय होत नव्हती. थकलेली, दुखरी, औषधांच्या डब्या घेऊन येणारी ती माणसं रेषेच्या आत पाऊल टाकायची आणि दुसरीच कुणीतरी व्हायची. ती देवभोळी नव्हती, पण काहीतरी मोठं आपल्या डोळ्यांदेखत झालं आणि आपण नुसत्या तिखट पुऱ्या घेऊन तिथे बसलो होतो, असं तिला अजून वाटे.

"शेवटचा अध्याय," इरा म्हणाली. "प्रसन्नआजोबा."

प्रसन्न सावरून बसला. हा अध्याय त्याचा, आणि तो दरवर्षी अगदी त्याच शब्दांत सांगायचा.

"फायनल. समोर गेल्या वर्षीचे विजेते. ऊन असं की गवतातून वाफ यावी. आई पुण्याहून आलेल्या, छत्री घेऊन पहिल्या पायरीवर बसलेल्या." आई म्हणजे सासूबाई, मनोहरची आई. "आपण एका रनने पुढे. त्यांचे दोघं बेसवर उभे. शेवटचा गडी. झेल घेतला तर कप आपला, सोडला तर दोघंही घरी पोचणार आणि कप त्यांचा. लिमने वाढलं वरण. त्याने मारला. चेंडू वर, वर, वर. सूर्यात गेला."

"दोघांच्या मध्ये," इरा पुटपुटली.

"बरोबर दोघांच्या मध्ये. दादा मागे येत होते, मी पुढे येत होतो. माझा गुडघा आदल्या दिवसापासून सुजलेला. दादांना ते माहीत होतं. त्यांना वाटलं, हा काही पोचत नाही, म्हणजे आपणच जायला हवं. पण त्यांच्या डोळ्यांवर ऊन होतं. मला चेंडू दिसत होता, त्यांना नव्हता. आणि तेव्हा मी..."

इथे दरवर्षी एक गंमत व्हायची. प्रसन्न म्हणायचा, "मी म्हटलं, दादा, सोडा, माझा." आणि सगळे ओरडायचे, दादा नाही, मन्या म्हणालात, मन्या. आणि प्रसन्न लाजून म्हणायचा, ते मैदानावर, इथे कसं म्हणू. इतक्या वर्षांत रेषेच्या बाहेर ते नाव त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. सगळे ओरडायच्या तयारीत बसले. इराने तोंड उघडूनही ठेवलं.

प्रसन्न थांबला. त्याने कपाकडे पाहिलं, मग मनोहरकडे.

"मन्या," तो म्हणाला.

कुणीच ओरडलं नाही.

"मन्या, मला पुण्याला नाही जायचं. मला तुझ्याकडे राहायचंय."

ऋचाने सुरेखाचा हात धरला. निहार बापाकडे बघतच राहिला. मनोहरची मान वर झाली होती, त्या दिवशी सूर्याकडे पाहताना झाली होती तशी. सुरेखाला वाटलं, आता हे म्हणणार, प्रसन्नराव, घर तुमचंच आहे. तसं म्हणाले तर संपलं. तसं सगळेच म्हणतात. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मग इतका वेळ गप्प का बसलास, पशा?" मनोहर म्हणाला. आवाज पार फाटला होता. "तिकीट निघेपर्यंत?"

"मला वाटलं तू म्हणशील."

"मला वाटलं, मी म्हटलं तर तुला लागेल."

"लागलं असतं," प्रसन्नने कबूल केलं. "पण गेलो असतो तर जास्त लागलं असतं."

सुरेखाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. तिला सासूबाई आठवल्या. त्या दिवशी भर मैदानात जावई त्यांच्या थोरल्या मुलावर खेकसला, "मन्या, सोड, माझा," तेव्हा विद्याने भीतीने डोळे मिटून घेतले होते. आणि छत्रीखालची म्हातारी शांतपणे म्हणाली होती, बरोबर बोलला, त्यालाच दिसत होता. आजही त्यालाच दिसलं. मागणं ज्याला सर्वांत जड, त्यानेच हात पुढे केला. सुजलेल्या गुडघ्याने धावत येण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं, आणि तेही तिच्या डोळ्यांसमोर झालं. एका आयुष्यात असं दोनदा बघायला मिळावं, हे तिला खरं वाटत नव्हतं.

"बाबा," निहारचा आवाज ओला होता, "हे मला का नाही सांगितलंस? मी सगळं रद्द केलं असतं."

"तुला काय सांगणार होतो? मामाच्या घरात मला ठेवून घे म्हणून?"

"मी विचारलं होतं तुला. दहा वेळा विचारलं."

"तू विचारलंस पुणं की मेलबर्न. मला दोन्ही नको होतं." प्रसन्नने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझी काळजी खोटी नाही रे. मी पडलो तेव्हा मीही घाबरलो होतो. सांगितलं नाही एवढंच."

निहारने नाक ओढलं आणि तो विद्यासारखाच लगेच कामाला लागला. "मामी, बाथरूममध्ये धरायच्या दांड्या बसवायच्या. कमोडजवळ आणि शॉवरजवळ. मी जायच्या आत बसवून जाणार."

"बसव. ह्यांनाही लागतातच. मान्य करत नाहीत."

"आणि आठवड्यातून दोनदा मी येऊन जाईन," अमेय म्हणाला. मघाशी ज्या सोफ्यावर तो निहारच्या बाजूने बसला होता, तिथून तो उठला होता आणि आपण केव्हा उठलो हे त्यालाही कळलं नसावं. ऋचाने त्याच्याकडे असं पाहिलं, की आठवड्यातून दोनदाचं हे वचन ती लक्षात ठेवणार हे सगळ्यांना कळलं.

"वहिनी," प्रसन्न सुरेखाकडे वळला. त्याला आता संकोच वाटायला लागला होता. "तुम्हाला न विचारताच बोललो."

"मी फोनवर विचारलं होतं तेव्हा हसलात," सुरेखा म्हणाली. "आता चहा रोज सकाळी तुम्ही करायचा. दोघांचा नव्हे, तिघांचा. आलं घालून."

"बरं," प्रसन्न म्हणाला. हे बरं वेगळं होतं.

"हॅलो," इरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "स्टोरी नॉट फिनिश्ड. प्रसन्नआजोबा, यू कॅच ऑर नॉट?"

प्रसन्न हसला. त्याने दोन्ही हात वर केले, ओंजळ करून छातीशी आणले आणि तसेच धरून ठेवले. "झेलला," तो म्हणाला.

मग पुऱ्यांची परात आली. पुऱ्या गार झाल्या होत्या, एका घाण्याच्या जरा करपल्याही होत्या, आणि तरी एकही उरली नाही. प्रसन्नच्या ताटात पुरी वाढताना मनोहरने दरवर्षीसारखा आग्रह केला नाही. नुसती ठेवली आणि आपली खायला लागला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर चौघं निघाले. आधी तोआ पायोहला जाऊन खोली बघायची, मग निहार सेम्बावांगहून कपडे घेऊन येणार. सुरेखाने कप पिशवीत घातला. ह्या वर्षी तो कुणाकडे, असं इराने विचारलं तेव्हा सगळे चपला शोधत होते.

चुन्याच्या रेषेची सुरेखाला एक गोष्ट पक्की आठवत होती. फायनल जिंकली, सगळ्यांनी दोघांना खांद्यावर घेतलं, कप हातात आला. पण रेष ओलांडून बाहेर येताक्षणी मनोहर थबकला होता, बाजूला झाला होता आणि हात पुढे करून म्हणाला होता, या, प्रसन्नराव, आधी तुम्ही. सगळा मोसम त्या एका पावलात संपला होता. विद्या तेव्हा कानात कुजबुजली होती, झालं, आले ह्यांचे दादा आणि राव परत.

लिफ्टचं दार उघडलं. निहार आत शिरला. मनोहर दाराशी थांबला आणि सवयीने बाजूला झाला. प्रसन्नही थांबला. सुरेखा पिशवी छातीशी धरून मागे उभी होती, आणि तिला कळत होतं की आता जो शब्द येईल त्यावर पुढली सगळी वर्षं उभी राहणार आहेत.

दार मिटायला लागलं. मनोहरने ते हाताने अडवलं.

"आत हो की, पशा," तो म्हणाला. "लिफ्ट काय दिवसभर थांबणार आहे?"